मूल गप्प का राहतं?

“इतके दिवस का नाही बोललास?” लैंगिक शोषण उघडकीस आलं की मुलाला बहुधा हाच प्रश्न आधी विचारला जातो. विचारणारा काळजीपोटी विचारतो, पण मुलाला तो आरोप वाटतो. बहुतेक मुलं लगेच सांगतच नाहीत. कित्येक जण मोठेपणी सांगतात, काही कधीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर 5 स्त्रियांपैकी एकीने लहानपणी हे सोसलेलं असतं. मुलग्यांच्या वाट्यालाही हे येतं, आणि ते तर आणखीच कमी बोलतात.

मुलाच्या या गप्प बसण्यामागची कारणं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी 1983 मध्ये मांडली. गुपित, असहायता, अडकून पडून जुळवून घेणं, उशिरा आणि चाचरत सांगणं, आणि शेवटी घाबरून शब्द मागे घेणं. शेवटची पायरी किती मुलांमध्ये दिसते यावर पुढे मतभेद झाले. मुलं उशिरा सांगतात याचा पुरावा मात्र भक्कम आहे.

शोषण करणारा बहुतांश वेळा ओळखीचा, विश्वासातला असतो. तो आधी लाड करतो, भेटवस्तू देतो, ‘हे आपल्या दोघांतच’ असं एखादं साधं गुपित सोपवतो आणि मूल ते घरी सांगतं का, हे पाहतो. स्पर्श खेळाखेळात सुरू होतो. काहीतरी चुकतंय हे मुलाला कळेपर्यंत त्याला आपणही यात सामील आहोत असं वाटू लागलेलं असतं. आरडाओरडा का केला नाही, असं विचारण्यातही अर्थ नाही. तीव्र भीतीत शरीर थिजतं आणि तोंडातून आवाज फुटत नाही. ते मुलाच्या हातात नसतं.

तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, हा समज फार घातक आहे. शोषणाच्या अनेक प्रकारांत जखम होतच नाही, आणि झालीच तर त्या भागातल्या ऊती काही दिवसांत भरून येतात. म्हणून बहुसंख्य मुलांची तपासणी सामान्यच येते. मग उरतो तो मुलाचा शब्द, आणि तो कसा विचारून घेतला यावर बरंच काही अवलंबून असतं. “त्याने तुला इथे हात लावला ना?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, लहान मूल मोठ्यांना बरं वाटावं म्हणून मान डोलावतं. “काय झालं ते सांग” आणि थोडं थांबून “मग काय झालं?” एवढं पुरतं. तपशील खोदून काढायचं काम प्रशिक्षित माणसावर सोडावं. घरच्यांनी म्हणावं, “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही.” मूल त्या माणसाच्या हाती पुन्हा लागणार नाही, हे लगेच पाहावं आणि तक्रार करावी.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी घडवलेली आघातकेंद्री वर्तनोपचार पद्धत साधारण 12 ते 16 सत्रांची असते. मूल आधी श्वास आणि शरीर शांत करायला, भावनेला नाव द्यायला शिकतं. मग घडलेलं थोडंथोडं बोलतं, लिहितं किंवा चितारतं. आठवण टाळत राहिलं की भीती ताजीच राहते. सुरक्षित जागी ती पुन्हा पुन्हा उच्चारली की तिचा जोर ओसरतो. शोषणात हात नसलेल्या पालकांचीही सत्रं होतात. आई किंवा वडील आपल्यावर विश्वास ठेवतात, एवढ्यानेही मुलाच्या सावरण्यात मोठा फरक पडतो.

प्रतिबंधाचा सगळा भार आपण मुलांवरच टाकतो, हे मला खटकतं. शाळेतल्या धड्यांनी मुलांची माहिती वाढते, हे चाचण्यांतून दिसलं आहे. पण प्रत्यक्ष शोषण घटतं याचा पुरावा अजून तोकडा आहे. धडे द्यावेतच, पण राखण मोठ्यांनी करायची आहे: मुलांसोबत काम करणाऱ्यांची आधी पडताळणी, बंद दाराआड एकट्याने भेट नाही, तक्रार दाबणाऱ्यालाही जाब. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने 2005 मध्ये आणखी मागे जाऊन काम सुरू केलं. मुलांबद्दल लैंगिक ओढ वाटते आणि आपल्या हातून काही घडू नये अशी इच्छा आहे, अशा लोकांना तिथे नाव गुप्त ठेवून उपचार मिळू लागले.