औषधजन्य वजनबदल

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घेतलेल्या औषधामुळे रुग्णाच्या वजनात जी वाढ किंवा घट होते, तिला औषधजन्य वजनबदल म्हणतात. आजार हटू लागल्याने परत येणारे वजन यात धरू नये. खान्देशात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात कुपोषण जुनेच असल्याने, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर वाढणारे वजन ही प्रकृती सुधारल्याची खूण असते आणि गोळ्यांची मात्राही वजनगटानुसारच ठरते.

स्टेरॉइडांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेतल्यास भूक वाढते, अंगात मीठ व पाणी साठते आणि मेद चेहरा, मान व पोट येथे जमतो, हातपाय मात्र बारीक राहतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या विकाराशी हे रूप जुळते. सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असू शकते, म्हणून ती घेणाऱ्याचा चेहरा भरला तर तब्येत सुधारली असे मानू नये. मात्र असे औषध एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

मनोविकारांवरील औषधांनी वजन का वाढते, याविषयी मतभेद आहेत. क्लोरप्रोमाझिन वापरात आले त्या १९५०च्या दशकापासूनच ही वाढ नोंदली गेली असून क्लोझापिन व ओलान्झापिन यांत ती सर्वाधिक आढळते. एका मतानुसार मेंदूतील हिस्टामीन या संदेशवाहक रसायनाचे एच-१ ग्राही (पेशीवरील, रसायनाचा संदेश स्वीकारणाऱ्या जागा) अडल्याने तृप्तीची जाणीव मंदावते. दुसरे मत सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या २-सी ग्राहींवर भर देते आणि हे ग्राही नसलेले प्रायोगिक उंदीर अधिक खाऊन लठ्ठ होतात, हा त्याचा आधार आहे. दोन्हींचा संयुक्त परिणाम मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण भूक वाढविण्याचे औषध म्हणून दिले जाणारे सिप्रोहेप्टाडिनही हिस्टामीन व सेरोटोनिन या दोहोंना अडविते.

मधुमेहात इन्शुलिन किंवा साखर उतरविणारी ग्लिमेपिराइडची गोळी सुरू केल्यावर लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगी लागते. शिवाय साखर उतरेल या धास्तीने केळीच्या बागेत राबणारा मजूर वेळी-अवेळी खात राहिला, तर वजनात आणखी भर पडते. मधुमेहाच्याच इतर औषधांपैकी मेटफॉर्मिनने वजन स्थिर राहते किंवा किंचित घटते, सेमाग्लुटाइडने लक्षणीय घटते. अपस्मारावरील (फिट येण्यावरील) औषधांपैकी व्हॅल्प्रोएट वजन वाढविते, तर टोपिरामेट घटविते.