मफलर कटर तिरका का दिसतो?

ठाण्यात तीन हात नाक्याला लाल सिग्नल लागला की समोरच्या गाडीची मागची बाजू बघत बसण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. त्यात तिला दोन चकचकीत मफलर कटर, म्हणजे सायलेन्सरच्या टोकावर चढवायच्या शोभेच्या नळ्या, लावलेले असले आणि डावा जरासा खाली असला, की नजर तिथंच अडकते. फरक जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. गाडीचं त्यानं काही बिघडत नाही, तरी तो डोळ्यांतून सुटत नाही. दोन ठिपके वेगवेगळे दिसायला त्यांच्यात डोळ्याशी साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे ताडताना आपली नजर त्याच्या जवळपास दहापट बारीक फरक पकडते. व्हर्नियर कॅलिपरवर रेघा जुळवतो ते याच जोरावर. गाडीला तर बंपरची कड ही आयती सरळ रेघ मिळालेली असते, तेव्हा कटरची चूक लपायला जागाच उरत नाही.

म्हणून माप घ्यायचं ते बंपरच्या कडेपासून. जमिनीपासून घेतलं की फसलात. वागळे इस्टेटमधलं गॅरेज असो की तुर्भ्याचं, फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेलाच असतो, आणि जुन्या स्प्रिंगांवर गाडीही एका अंगाला किंचित कललेली असते. खड्ड्यात उतरून खालून बघणंही कामाचं नाही. कटर बंपरच्या कडेपेक्षा थोडा आत किंवा बाहेर असतो, त्यामुळे बघायची जागा बदलली की त्या दोघांतलं अंतरही बदलल्यासारखं वाटतं. गाडी चारही चाकांवर उभी करा, तीन-चार मीटर मागं जा, उकिडवे बसा आणि मग ठरवा.

तिरका कटर दिसला की बहुतेक मेकॅनिक कटरच पिरगाळतो. दोष मात्र बऱ्याचदा पुढच्या एखाद्या जोडात असतो. जोड एक अंशानं फिरला आणि तिथून कटरपर्यंत एक मीटर पाइप असला, तर टोक सतरा मिलिमीटर सरकतं. जाणता कारागीर आधी सगळे क्लॅम्प, म्हणजे पाइपांचे जोड धरणारे पट्टे, हातानं धरतील एवढेच आवळतो, टोक जुळवतो आणि मग इंजिनाकडून मागं येत एकेक नट पक्का करतो. उलट दिशेनं आवळत गेलं की प्रत्येक नटाबरोबर टोक थोडंथोडं हलतं.

पण खरी गंमत उष्णतेची. गार गाडीला नेमका बसवलेला कटर गरम गाडीला नेमका राहत नाही. बऱ्याच गाड्यांच्या सायलेन्सरला 409 जातीचं स्टेनलेस वापरतात. त्याची एक मीटर लांबी तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की सुमारे 0.011 मिलिमीटर वाढते. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत तीन मीटर पाइप धरा. पुढं तो भयंकर तापतो, मागं बराच कमी, म्हणून सरासरी वाढ 250 अंश धरू. हिशेब येतो आठ मिलिमीटरच्या वर. बाजारातून 304 स्टेनलेसचा पाइप घालून घेतला असेल तर तीच वाढ तेरा मिलिमीटरपर्यंत जाते, कारण हे पोलाद दीडपट प्रसरण पावतं. पुढचं टोक इंजिनानं धरून ठेवलेलं, त्यामुळे सगळी वाढ मागं निघते. मध्ये एक्सलवरून वळसा असेल तर थोडी आडवीही.

गायमुखचा चढ चढून आलेल्या गाडीचा कटर म्हणूनच सकाळपेक्षा सेंटीमीटरभर बाहेर दिसू शकतो. बंपर असतो पॉलिप्रोपिलीनचा. ते 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. तेव्हा चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा हवी, आणि कटरचं तोंड बंपरच्या थोडं बाहेर हवं, नाहीतर गरम वायू आणि काजळी बंपरलाच चाटत राहते. हल्ली काही कंपन्या बंपरमध्येच खोट्या चौकटी ओततात आणि खरा पाइप मागं, खाली तोंड करून लपवतात. मला ती लबाडी वाटते, पण हा तिढा त्यांनी सोडवला हे खरं.

सायलेन्सर गाडीला घट्ट जखडलेला नसतो. रबरी हँगरांवर तो झोपाळ्यासारखा लोंबतो. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांवर, नुसतं चालू असताना सेकंदाला सुमारे 27 धक्के देतं, आणि अर्धा किलोचा कटर शेवटच्या हँगरच्याही पलीकडे लटकवला की त्या झोपाळ्याची स्वतःची लय बदलते. दोन्ही लयी जुळल्या की सिग्नलला खडखड सुरू. जुनं रबर ताणून लांबलेलं असतं, त्यामुळे ते बदलल्याशिवाय कटर जुळवणं वेळ घालवणं आहे. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, गेलेलं असेल तर तेही आधी बघा.

कटरला किंचित खालचा उतार हवा तो पाण्यासाठी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. एक किलो सीएनजीमागं तर सव्वादोन किलोच्या आसपास. घरापासून स्टेशनपर्यंतच चालणाऱ्या गाडीत पाइप पुरता तापतच नाही, वाफेचं पाणी होतं आणि आत साचून गंज धरतो. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर खाडीची खारी हवा बाहेरून तेच काम करते. तिच्यातल्या क्लोराइडमुळे 304 वरही तपकिरी डाग येतात. चुंबक चिकटत नाही म्हणून दुकानदार ‘असली स्टेनलेस’ सांगतो, पण 409 हेही असलीच, आणि त्याला चुंबक चिकटतं.

आवाज भारी होईल म्हणून कोणी कटर घेत असेल तर पैसे वाचवावेत. 3000 आरपीएमवर चार सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य स्वर 100 हर्ट्झचा, आणि गरम वायूत त्याची तरंगलांबी चार मीटरच्या घरात. पंधरा सेंटीमीटरच्या नळीनं तिला काय होणार?

कटर बसवून झाला की माजिवड्याहून घोडबंदर रोडला एक फेरी मारा आणि गाडी गरम असतानाच, इंजिन चालू ठेवून, सगळीकडची फट पुन्हा बघा. हात लावू नका. पूर्ण गार झाल्यावर क्लॅम्प परत आवळा. तापण्या-निवण्याच्या पहिल्या काही खेपांत ते सैल पडतात.