पक्षाघातानंतर घरी: आमची भेट संपल्यावरचे तास

रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाच्या घरचे आम्हाला फोनवर दोन गोष्टी हमखास विचारतात. पुन्हा चालायला कधी लागतील, आणि तुमचा थेरपिस्ट रोज किती वेळ येईल. पहिल्याचं उत्तर तारीख सांगून देणाऱ्यापासून सावध राहा. दुसऱ्याचं उत्तर आम्ही देतो, पण त्यावर फार विसंबू नका. थेरपिस्ट तासभर थांबला, तरी रुग्णाच्या जागेपणाचा बाकीचा सगळा वेळ घरच्यांसोबत जातो. सुधारणा किती होते यात त्या वेळाचा वाटा मोठा असतो. म्हणून हे पत्रक.

आतमध्ये काय चाललेलं असतं

पक्षाघाताच्या सुमारे 85 टक्के रुग्णांमध्ये मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, उरलेल्यांमध्ये ती फुटलेली असते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत जी सुधारणा आपोआप दिसते ती मुख्यतः सूज उतरल्यामुळे आणि आसपासचा थंडावलेला भाग पुन्हा कामाला लागल्यामुळे. त्यापुढचं मेंदूला नव्याने शिकावं लागतं. शाबूत भाग गेलेल्या भागाचं काम थोडंथोडं उचलतो, पण तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावलं तरच.

हा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, मग मंदावतो. "सहा महिन्यांत झालं ते झालं" हे खरं नाही, त्यानंतरही माणसं नवी कामं शिकतात. पण "आधी अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम बघू" म्हणत हे तीन महिने अंथरुणात घालवणं महागात पडतं.

घाईचंही तसंच. 2,104 रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात काहींना पहिल्या 24 तासांतच वारंवार आणि बराच वेळ उठवलं, चालवलं. 2015 साली निष्कर्ष आले तेव्हा तीन महिन्यांनंतरची त्यांची स्थिती नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा कमी चांगली होती. घरी येईपर्यंत तो टप्पा मागे पडलेला असतो, पण एका दमात तासभर करण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून अनेकदा करणं बरं, असं आम्हीही सांगतो.

मदत कमी करा

हे वाचायला कठोर वाटेल. पण प्रेमापोटी घरचे शर्टाची बटणं लावून देतात, चमचा तोंडापर्यंत नेतात, केस विंचरून देतात आणि रुग्णाची दिवसभरातली सगळी आवर्तनं स्वतःच करून टाकतात. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 वेळाच झाल्याचं दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकडो वेळा हालचाल करवून घ्यावी लागते. ही तूट आमच्या भेटी वाढवून भरून निघणारी नाही. ती पेला उचलण्यात, टॉवेलची घडी घालण्यात, नळ फिरवण्यातच भरून निघते. रुग्णाला दहा मिनिटं लागत असतील तर दहा मिनिटं लागू द्या. अडलं की तेवढ्यापुरता हात लावा आणि पुन्हा बाजूला व्हा.

हातासाठी मऊ चेंडू बहुतेक घरांत आधीच आणलेला असतो. आमचं मत विचाराल तर तो बाजूला ठेवा. मूठ आवळणं बऱ्याचदा आधी येतं. अडतं ते बोटं उघडणं. वस्तू धरायची, उचलायची आणि मुद्दाम सोडायची, असा सराव जास्त उपयोगी.

चांगला हात मोज्यात बांधून दुबळा हात वापरायला लावण्याची पद्धत अनेकांनी ऐकलेली असते. तिला आधार आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या 222 जणांचा समावेश होता. ज्यांच्यावर ही पद्धत वापरली त्यांना दोन आठवडे जागेपणाचा सुमारे 90 टक्के वेळ मोजा घालायचा होता आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला. पण त्या सगळ्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलली जात होती. हात अजिबात हलत नसेल तर चांगला हात बांधून रुग्ण फक्त अडकतो, तोल गेला तर पडतोही. आम्हाला विचारल्याशिवाय हे करू नका.

खांदा

या पत्रकातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे: दुबळा हात धरून रुग्णाला कधीही ओढू नका. खांद्याचा सांधा प्रामुख्याने स्नायूंच्या आधाराने जागेवर राहतो. ते सैल पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरू लागतो. त्यात कुणी बगलेत हात घालून उचललं की दुखणं सुरू होतं आणि ते महिनोन्‌महिने राहतं. दुखणारा हात रुग्ण हलवू देत नाही, म्हणजे व्यायामही थांबला.

उठवताना त्याच्या दुबळ्या बाजूला उभे राहा. त्याची पावलं मागे घेऊन जमिनीवर सपाट टेकवा, त्याला पुढे झुकू द्या आणि कमरेशी आधार द्या. कमरेला रुंद पट्टा बांधला तर धरायला सोपं जातं. बसलेला असताना हात लोंबकळत ठेवू नका, खाली उशी द्या. छताला दोरी-कप्पी लावून हात वर ओढण्याचा व्यायाम आम्ही पक्षाघाताच्या रुग्णाला देत नाही. कुणी सुचवला तरी आधी आम्हाला दाखवा.

जो स्वतःहून कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवा. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी कळवा.

गिळणं आणि बोलणं

गिळण्याची तपासणी झालेली नसेल तर तोंडाने काहीही देऊ नका, घोटभर पाणीसुद्धा. पातळ पदार्थ सर्वांत आधी श्वासनलिकेत जातात, आणि ठसका न लागताही जाऊ शकतात. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला तर ती खूण समजा. भरवायची परवानगी असेल तर ताठ बसवून, लहान घास देऊन. संपल्यावर दुबळ्या बाजूच्या गालात काही राहिलं आहे का ते पाहा आणि अर्धा तास तसंच बसू द्या.

बोलणं गेलेल्या माणसाची बुद्धी गेलेली नसते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रं डाव्या बाजूला असतात आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, त्यामुळे उजवं अंग गेलं की बऱ्याचदा बोलणंही अडखळतं. मोठ्याने बोलून उपयोग नाही, त्याला ऐकू येतंय. छोटं वाक्य बोला, "हो-नाही"चा प्रश्न विचारा आणि थांबा. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. एकही शब्द न फुटणारा माणूस कधीकधी ओळखीचं गाणं किंवा एक ते दहा आकडे सरळ म्हणून जातो. तो नाटक करत नसतो.

उजव्या मेंदूला इजा झालेल्यांचं वेगळंच. काही जणांना डावीकडचं जग जणू नसतंच. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दाढी अर्धीच होते, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. याला हट्टीपणा समजून रागावू नका. गप्पा मारायला डावीकडे बसा, पण बेल आणि पाणी उजवीकडेच ठेवा.

मन

साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगायला लाजू नका. थोड्याशा निमित्ताने हुंदके किंवा हसू येणं हाही मेंदूच्या इजेचाच परिणाम असू शकतो. थकवाही खरा असतो, आळस नव्हे. आणि रात्री उठणाऱ्या घरच्या माणसाला आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी द्या. हे आम्ही शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. सांभाळणारा कोलमडला की सगळी घडीच विस्कटते.

आम्हाला फोन करू नका

चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात खाली पडला, बोलणं अचानक बोबडं झालं तर आम्हाला विचारत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. एकदा झटका आलेल्याला दुसऱ्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागली तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना गाठा.

पहिल्या भेटीआधी

डिस्चार्जची कागदपत्रं, चालू औषधं आणि स्कॅनचा रिपोर्ट काढून ठेवा. पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी करा, पायपुसणी उचला. आणि रुग्णाला स्वतःला आधी कोणतं एक काम जमायला हवंय ते त्यालाच विचारून ठेवा, बोलता येत नसेल तर बोट दाखवून. घरच्यांना चालणं हवं असतं, रुग्णाला बरेचदा संडासात एकट्याने जाता यायला हवं असतं. आम्ही सुरुवात त्याच्या यादीतून करतो.