इंग्लंडमध्ये काउन्सिलचे घर विकत घेताना सुधारणांचा खर्च: अर्ज आणि कर्ज कुठे अडते

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, घरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे, राहते घर सवलतीत विकत घेण्याच्या ‘राइट टू बाय’ योजनेतील पहिले प्रश्न बहुधा सवलतीबद्दल असतात. पुढे व्यवहार रखडतो तो मात्र पुष्कळदा नव्या स्वयंपाकघराच्या, बाथरूमच्या किंवा खिडक्यांच्या पैशांची जुळवाजुळव चुकीच्या वेळी केल्यामुळे.

पात्रता थोडक्यात अशी. भाडेकरार सुरक्षित प्रकारचा, म्हणजे ‘सिक्युअर टेनन्सी’, असावा आणि सार्वजनिक घरांतील वास्तव्य एकूण तीन वर्षांचे असावे. ते सलग किंवा एकाच घरातले असण्याची गरज नाही. ही मुदत वाढवून दहा वर्षे करण्याचा इरादा सरकारने 2025 मध्ये जाहीर केलेला असल्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम तपासूनच पुढे जावे. स्कॉटलंडमध्ये ही योजना 2016 मध्ये आणि वेल्समध्ये 2019 मध्ये बंद झाली. 21 नोव्हेंबर 2024 पासून कमाल सवलत प्रदेशानुसार 16,000 ते 38,000 पौंड इतकीच उरली असून लंडनच्या बहुतेक भागांत ती 16,000 पौंड आहे. त्याआधी लंडनमध्ये 1,36,400 पौंडांपर्यंत सवलत मिळत असे, त्यामुळे तेव्हा घर घेतलेल्या शेजाऱ्याचा हिशेब आज आपल्या उपयोगाचा नाही.

खरेदीसाठीचा ‘आरटीबी 1’ हा अर्ज विनामूल्य आहे. तो दाखल झाला की सुधारणांची कामे हाती घेऊ नयेत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. घराची किंमत अर्जाच्या तारखेला धरली जाते, त्यामुळे नंतरच्या कामाचा किमतीशी संबंध उरत नाही. आणि खरेदी फिसकटली तर तुमचा पैसा काउन्सिलच्या भिंतींत अडकतो. अर्जानंतर काउन्सिलही साधारणपणे आवश्यक दुरुस्त्यांपलीकडे काही करत नाही.

अर्जापूर्वी स्वखर्चाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेले मूल्य 1985 च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे किंमत ठरवताना वगळावे लागते. हा मोठा हक्क आहे, पण नेमका इथेच कागद सापडत नाही. बाथटब काढून शॉवर बसवलेला असतो, फरशी नवी असते, मात्र काउन्सिलची लेखी परवानगी घेतलेली नसते आणि कारागिराला पैसे रोख दिल्यामुळे पावतीही नसते. मूल्यमापन करणारा माणूस घरी येईल त्या दिवशी जुने फोटो, बँकेच्या नोंदी, परवानगीचे पत्र, जे हाती असेल ते त्याच्यासमोर ठेवावे.

त्यानंतर काउन्सिलने ठरवलेली किंमत कळवणारी ‘सेक्शन 125’ची नोटीस येते. घर फ्रीहोल्ड (जमिनीसह पूर्ण मालकीचे) असेल तर काउन्सिलला त्यासाठी आठ आठवड्यांची आणि लीजहोल्ड (दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, बहुधा फ्लॅट) असेल तर बारा आठवड्यांची मुदत असते. ती आल्यावर बारा आठवड्यांत लेखी उत्तर द्यावेच लागते. गप्प राहिल्यास स्मरणपत्र येते, त्यालाही उत्तर न दिल्यास अर्ज मागे घेतला असे धरतात. किंमत मान्य नसेल तर डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरची, म्हणजे सरकारी मूल्यमापकाची, मागणी नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत वेगळी करावी लागते. फ्लॅट घेणाऱ्यांनी याच नोटिशीत पुढील पाच वर्षांतील इमारतीच्या कामांचे अंदाज वाचावेत, कारण छपराचा हिस्सा आणि घरातले नवे स्वयंपाकघर यांचा बोजा एकाच पगारावर पडणार असतो.

मॉर्गेजसोबतच सुधारणांसाठी जादा रक्कम हवी असेल तर ती पहिल्याच अर्जात, ठेकेदाराच्या लेखी अंदाजपत्रकासह मागावी; सगळेच सावकार ती देत नाहीत. पुण्याहून किंवा नाशिकहून आईवडील मदत पाठवणार असतील, तर सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद पाहणारा वकील, त्या पैशाचा स्रोत विचारणारच. बक्षीसपत्र आणि देणाऱ्याच्या खात्याचा उतारा आधीच मागवून ठेवल्यास आठवडे वाचतात.

सर्वांत कमी माहीत असलेली अडचण मात्र खरेदीनंतरची आहे. पाच वर्षांच्या आत घर विकल्यास सवलत परत करावी लागते, पहिल्या वर्षी संपूर्ण आणि पुढे दरवर्षी एक पंचमांश कमी. आणि तोवर सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा काउन्सिलचा बोजा घराच्या नोंदीवर राहतो. त्या काळात दुसरीकडून सुधारणांसाठी कर्ज घ्यायचे झाल्यास आपला हक्क काउन्सिलच्या आधी यावा असा आग्रह सावकार धरतो. घराच्या कामासाठीच्या कर्जाकरिता काउन्सिलने आपला बोजा मागे सरकवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण हे सावकाराच्या कचेरीतही अनेकांना माहीत नसते आणि अर्जदाराला नुसता नकार कळवला जातो. अशा वेळी अंदाजपत्रक आणि कर्जाची ऑफर जोडून काउन्सिलकडे लेखी मागणी करावी. त्याच कर्जात क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा गाडीचे हप्ते मिसळू नयेत, कारण ती कारणे या तरतुदीत बसत नाहीत आणि मग संपूर्ण मागणीच अडते.

खरेदीनंतरच्या कामांच्या पावत्याही जपाव्यात. पाच वर्षांच्या आत घर विकावे लागलेच, तर परतफेडीचा आकडा विक्रीच्या वेळच्या किमतीवर निघतो, आणि तुम्ही केलेल्या सुधारणांमुळे वाढलेले मूल्य त्यातून वगळून घेता येते.