भुसावळच्या उन्हात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे किती?

एप्रिलची दुपार होती. अकरावीची राहिलेली प्रात्यक्षिकं उरकत होतो. आमची प्रयोगशाळा भुसावळजवळच्या एका गावात, वर पत्रे, आणि नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. खानदेशात एप्रिलमध्ये त्या टाकीला काय ऊन लागतं, ते इकडच्यांना सांगायला नको.

प्रयोग लाळेतल्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. भाताची पेज गाळून, पाणी घालून पातळ करायची. हे झालं पिष्टाचं, म्हणजे स्टार्चचं, पाणी. त्यात लाळ मिसळायची आणि दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन त्यावर आयोडीन टाकायचं. पिष्ट शाबूत असेल तर थेंब निळा-काळा होतो. लाळेतलं विकर, अमायलेज, पिष्टाच्या लांब साखळ्या तोडत जातं तसा थेंब जांभळट होतो, मग विटकरी, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळटपणा तेवढा उरतो. निळेपणा जायला किती वेळ लागला, एवढंच मोजायचं.

त्या दिवशी चार नळ्या होत्या. एक बर्फात, एक 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात, एक उकळत्या पाण्यात आणि चौथी टेबलावर, ‘खोलीच्या तापमानाला’. पुस्तकाप्रमाणे 37 ची नळी पहिली यायला हवी. पहिली आली टेबलावरची, तीही जवळजवळ मिनिटभर आधी. गटातली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “सर, आमची नळी चुकली,” आणि वहीतलं रीडिंग खोडायला लागली. तिला थांबवलं आणि टेबलावरच्या नळीत तापमापी बुडवली. पारा 41 वर होता.

नळी चुकली नव्हती. पुस्तकातली खोली 25 अंशांच्या आसपासची असते, आमची तशी नव्हती. खोली तापलेली, पाणी त्याहून तापलेलं.

पण मग 37 ला विकर सर्वात जोरात चालतं, हे खोटं का? खोटं नाही, अर्धवट आहे. तापमान 10 अंशांनी वाढलं की बहुतेक विकरांचा वेग सुमारे दुप्पट होतो, कारण रेणू जास्त वेगाने धावतात आणि एकमेकांना गाठतात. त्याच वेळी एक दुसरी गोष्टही चालू असते. विकर हे प्रथिन आहे. त्याची साखळी विशिष्ट घड्या घालून बसलेली असते, आणि त्या घड्यांतल्या एका खोबणीत पिष्ट अडकून तुटतं. उष्णता या घड्या उसवते. म्हणजे एकीकडे कामाचा वेग वाढतोय आणि दुसरीकडे कामगार कमी होतायत. पाच मिनिटांच्या प्रयोगात 41 अंशांवर कामगार फारसे घटत नाहीत, म्हणून ती नळी पुढे गेली. हेच तापमान 60 च्या पुढे चढवत नेलं, की घड्या भराभर उसवतात आणि काम थंडावतं. प्रयोग जितका लांबवाल तितकं ‘सर्वोत्तम’ तापमान खाली सरकतं. हा आकडा विकराइतकाच घड्याळाचाही आहे, आणि पाठ्यपुस्तकात हे ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बर्फातली आणि उकळती, दोन्ही नळ्या निळ्याच राहतात, पण दोघींत मोठा फरक आहे. बर्फातली काढून कोमट पाण्यात ठेवा, थोड्या वेळात निळेपणा ओसरायला लागतो. विकर नुसतं गारठलं होतं. उकळलेली नळी कितीही वेळ कोमट पाण्यात ठेवली तरी निळीच, कारण उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही.

इथे एक फसगत दरवर्षी होते. उकळत्या नळीतच आयोडीन टाकलं तर रंग निळा दिसत नाही, आणि मुलं लिहून मोकळी होतात की पिष्ट संपलं. आयोडीन पिष्टाच्या गुंडाळीत शिरून बसतं तेव्हाच निळं दिसतं. उष्णतेने ती गुंडाळी सैल होते आणि आयोडीन निसटतं. नळी थंड होऊ द्या, निळा रंग आपोआप परत येतो. म्हणून थेंब आधी टाइलवर निवू द्यायचा.

आम्लतेचं थोडक्यात सांगतो. लाळेचं अमायलेज उदासीनाच्या जवळ, पीएच या आम्लतेच्या मोजपट्टीवर 6.8 च्या आसपास खुशीत असतं. लिंबाचा रस टाकला की त्या खोबणीवरचे विद्युतभार बदलतात आणि काम अडतं. पीएच ही मोजपट्टीच मुळी विकरांच्या अभ्यासातून निघाली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये ती मांडली, कारण आम्लता नेमकी सांगता आल्याशिवाय विकरांचे आकडे जुळत नव्हते. मिठाचंही तसंच. या अमायलेजला मिठातलं क्लोराइड लागतं, ते काढून घेतलं तर विकर मंदावतं.

रावेर-यावलकडच्या मुलांना हे सगळं केळीवरून चटकन कळतं. कच्च्या केळाच्या चकतीवर आयोडीन टाका, काळीभोर होते. पिकलेल्याच्या चकतीवर जेमतेम डाग पडतो, कारण विकरांनी पिष्टाची साखर केलेली असते. पण पिकवणीच्या खोलीत उष्णता फार वाढली तर गर मऊ होतो आणि साल हिरवीच राहते. सालीतलं हरितद्रव्य मोडण्याचं काम त्या उष्णतेत नीट होत नाही. आणि पारा 13 च्या बराच खाली गेला तर सालीतल्या पेशींचे पडदे दुखावतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉल नावाची रसायनं आणि त्यांना काळवंडवणारं विकर एकत्र येतात आणि सालीखाली तपकिरी रेघा उमटतात.

डिसेंबरात तोच प्रयोग मुद्दाम पुन्हा लावला, सकाळच्या पहिल्या तासाला. वीस मिनिटं झाली तरी टेबलावरच्या नळीचा थेंब निळाच होता. एका मुलाने घरच्या बागेतलं, थंडी लागलेलं केळ आणलं होतं. नखाने साल सोलली तर आत तपकिरी रेघा. एप्रिलमधली ती मुलगी आता बारावीत, मदतीला आली होती. तिने तक्त्यातला ‘खोलीचं तापमान’ हा मथळा खोडून तिथे लिहिलं: 14 अंश, सकाळी 7.40.