सरोवरांतील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य

सरोवरांतील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्य : सरोवर, तलाव किंवा धरणाच्या जलाशयात विरघळलेल्या, तरंगणाऱ्या व तळाशी बसलेल्या, सजीवांपासून आलेल्या कार्बनयुक्त पदार्थांचे मिश्रण. पाने, मुळे, लाकूड, शैवाल, जीवाणू, प्राण्यांची विष्ठा व मृतदेह यांच्या कुजण्यातून, तसेच जिवंत पेशींतून पाझरणाऱ्या रसांतून ते तयार होते. कीटकनाशके, खनिज तेल आणि कारखान्यांतील रसायने यांचा त्यात समावेश करीत नाहीत. पाण्याचा पिवळसर किंवा चहासारखा तपकिरी रंग बहुधा याच द्रव्यामुळे येतो. मात्र पाणी रंगहीन दिसले म्हणजे ते सेंद्रिय द्रव्यापासून मुक्त आहे असे मानू नये. शर्करा, अमिनो आम्ले आणि प्रथिने यांना रंग नसतो.

विरघळलेले आणि कणरूप ही विभागणी गाळणीवर ठरते. साधारण ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते ते विरघळलेले आणि जे अडकते ते कणरूप, असा संकेत आहे. ही सीमारेषा प्रयोगशाळेच्या सोयीची आहे. अतिसूक्ष्म कलिल कण आणि विषाणू गाळणीतून सहज निसटतात आणि ‘विरघळलेल्या’त मोजले जातात. संपूर्ण मिश्रणाचे वजन करणे अवघड असल्यामुळे त्यातील कार्बन मोजतात. द्रव्याच्या वस्तुमानाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. उंच डोंगरांतील नितळ सरोवरांत विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते. असंख्य सरोवरांत ते २ ते १० मिलिग्रॅम असते, तर फिनलंड व स्वीडनमधील दलदलींनी आणि सूचिपर्णी वनांनी वेढलेल्या तपकिरी सरोवरांत २० मिलिग्रॅमच्याही पुढे जाते.

उगम : सरोवरातील सेंद्रिय द्रव्य दोन वाटांनी येते. एक वाट पाणलोट क्षेत्रातून येते. पावसाचे पाणी पाचोळ्यातून आणि मातीच्या वरच्या थरातून झिरपताना लिग्निन, टॅनिन आणि सेल्युलोजचे अर्धवट कुजलेले अवशेष सोबत घेते व ओढ्यानाल्यांनी सरोवरात सोडते. दुसरी वाट सरोवरातच सुरू होते. तरंगते शैवाल, नीलहरित जीवाणू आणि काठच्या पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणाने जे घडवतात, त्याचा एक भाग जिवंतपणीच पाण्यात पाझरतो आणि उरलेला मेल्यावर मिसळतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जूडे यांनी शेकडो सरोवरांचे पाणी तपासून १९३४ मध्ये दाखवले की, विरघळलेले द्रव्य कणरूप द्रव्याच्या कितीतरी पट असते. डोळ्यांना दिसणारे शैवाल हा एकूण साठ्याचा लहानसा हिस्सा ठरला.

दोन्ही वाटांचा माल वेगळा ओळखता येतो, कारण वनस्पतींची बांधणीच वेगळी असते. जमिनीवरच्या झाडाला उभे राहायला लाकूड लागते; लाकडातील लिग्निन म्हणजे षट्कोनी बेंझीन वलयांची गुंतागुंतीची जाळी, आणि तिच्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. शैवालाला पाणीच तोलून धरते. त्याच्या पेशींत प्रथिने व मेद भरपूर असतात, लिग्निन नसते. म्हणून शैवालजन्य द्रव्यात कार्बन व नायट्रोजन यांच्या अणूंचे गुणोत्तर साधारण ४ ते १० असते, तर झाडापानांपासून आलेल्या ताज्या द्रव्यात ते २० च्या वर जाते. कुजताना ही गुणोत्तरे सरकतात, त्यामुळे एकाच मापावर विसंबून उगम ठरवणे धोक्याचे असते.

रासायनिक घडण : स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्सेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमधील पोर्ला येथील झऱ्याच्या पाण्यातून सेंद्रिय आम्ले वेगळी केली, तेव्हापासून या मिश्रणाची फोड करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यातून पुढे रूढ झालेले वर्गीकरण असे : अल्कलीत विरघळते पण तीव्र आम्लात साका धरते ते ह्युमिक आम्ल, आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळते ते फल्व्हिक आम्ल. सरोवराच्या पाण्यात फल्व्हिक भाग ह्युमिक भागापेक्षा पुष्कळ जास्त असतो. या नावांवरून ह्युमिक आम्ल हे एखाद्या ठरावीक सूत्राचे संयुग असावे असा समज होतो, तो चुकीचा आहे. ही नावे वेगळे काढण्याच्या पद्धतीची आहेत. अतिउच्च विभेदनाच्या वस्तुमान वर्णपटमापीत एका नमुन्यात हजारो वेगवेगळी रेणुसूत्रे दिसतात आणि प्रत्येक सूत्रामागे अनेक रचना संभवतात. मातीशास्त्रात तर अल्कलीने काढलेले ‘ह्युमिक’ पदार्थ मुळात तशाच रूपात निसर्गात असतात का, यावरच गंभीर आक्षेप आहेत. तेव्हा हे शब्द वापरावेत, पण प्रयोगशाळेतील कप्प्यांची नावे म्हणूनच.

या हजारो रेणूंत काही गोष्टी मात्र समान आढळतात. कार्बॉक्सिल गट विपुल असतात. सरोवराच्या नेहमीच्या सामूला त्यांतील हायड्रोजन सुटतो आणि रेणूंवर ऋण भार येतो. फिनॉल गट, वलयाकार पण बेंझीनसारखे नसलेले सांगाडे आणि शर्करांचे तुकडेही असतात. बेंझीन वलयांचे प्रमाण जितके जास्त, तितका २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश जास्त शोषला जातो. दर मिलिग्रॅम कार्बनमागे होणारे हे शोषण म्हणजे उगमाचा स्वस्त आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह निर्देशक होय.

अंटार्क्टिकातील पुरावा : उगमच घडण ठरवतो हे सर्वांत स्वच्छपणे दिसते ते अंटार्क्टिकात, कारण तिथे झाडेच नाहीत. रॉस बेटावरील केप रॉइड्स येथे पोनी लेक नावाचे किनाऱ्यालगतचे छोटे तळे आहे. शेजारी अॅडेली पेंग्विनांची वसाहत असून तिच्या विष्ठेतील पोषकद्रव्यांवर उन्हाळ्यात तळ्यात दाट शैवाल माजते. या पाण्यातील फल्व्हिक आम्ल केवळ सूक्ष्मजीवांपासून आलेले असल्यामुळे आंतरराष्ट्रीय ह्युमिक पदार्थ संस्थेने ते संदर्भ नमुना म्हणून जतन केले आहे. त्याच संस्थेचा दुसरा संदर्भ नमुना अमेरिकेतील सुवानी नदीचा आहे. ती ओकेफेनोकी दलदलीतून काळ्या चहासारखे पाणी घेऊन निघते. दोन्ही नमुन्यांत कार्बन जवळजवळ सारखाच, सुमारे ५२ टक्के. नायट्रोजन मात्र पोनी लेकच्या नमुन्यात सुमारे ६.५ टक्के आणि सुवानीच्या नमुन्यात ०.७ टक्के, गंधकातही अशीच मोठी तफावत आहे. डायान मॅकनाइट आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील सरोवरे व जंगलातील प्रवाह यांची तुलना करून २००१ मध्ये प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून तो वेगळ्या रंगात परत सोडण्याचा गुण) मोजून काढलेला निर्देशांक मांडला : सूक्ष्मजीवजन्य द्रव्यासाठी सुमारे १.९, जमिनीवरून आलेल्यासाठी सुमारे १.४. जगातील बहुतेक सरोवरे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

सरोवरातील बदल : पाण्यात आलेले द्रव्य तसेच राहत नाही. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण बेंझीन वलये फोडतात, रंग फिकट होतो आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड व लहान आम्ले सुटतात. ही लहान आम्ले जीवाणूंना पचतात. अशा रीतीने जुने लाकूडही शेवटी सरोवराच्या अन्नसाखळीत शिरते. जीवाणूंच्या श्वसनामुळे असंख्य सरोवरे हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतात. जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १,८३५ सरोवरांची आकडेवारी तपासली, तेव्हा ८७ टक्के नमुन्यांत हा वायू अतिसंपृक्त, म्हणजे हवेशी समतोल राखण्यास लागतो त्याहून जास्त, आढळला.

गडद द्रव्य जीवसृष्टीला जंबुपार किरणांपासून वाचवते, पण प्रकाशही अडवते. तपकिरी सरोवरात वरचा पातळ थरच तापतो, खालच्या थंड थरात प्रकाशसंश्लेषण थांबते आणि तिथला ऑक्सिजन लवकर संपतो. ऋणभारित कार्बॉक्सिल गट लोह आणि तांबे यांना धरतात. गंधकयुक्त गट पाऱ्याला अधिकच घट्ट धरतात. त्यामुळे तांब्याची माशांना होणारी विषबाधा कमी होते. पाऱ्याचे तसे नाही : हेच द्रव्य दलदलीतला पारा वाहून सरोवरात आणते.

उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक सरोवरे १९९० नंतर अधिक तपकिरी होत गेली. आम्लवर्षा कमी झाल्याने मातीतील आम्लता व आयनांची तीव्रता घटली आणि बांधलेले सेंद्रिय द्रव्य पुन्हा सुटू लागले, हे २००७ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. हवा स्वच्छ झाल्याचा हा परिणाम असल्याने त्याला सरसकट प्रदूषण म्हणणे योग्य होणार नाही.

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किमी. व्यासाच्या विवरात आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, सामू १० च्या आसपास असतो. अशा अल्कधर्मी पाण्यात नीलहरित जीवाणू अमाप वाढतात आणि पाण्याला हिरवा रंग देतात. विवराच्या उतारांवरील झाडांचा पाचोळाही पावसाळ्यात येतो. दोन्ही वाटांचे द्रव्य ऑक्सिजनविरहित तळाच्या गाळात टिकून राहते. सुमारे १० मीटर लांबीच्या गाळस्तंभातील पानांच्या मेणाचे आणि त्यातील कार्बन समस्थानिकांचे विश्लेषण करून गेल्या सुमारे ११,००० वर्षांत झाडे व गवत यांचे प्रमाण आणि त्याबरोबर मोसमी पाऊस कसा बदलला, याचा अभ्यास झाला आहे. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली आणि लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने सरोवर गुलाबी झाले, तेही सूक्ष्मजीवजन्य सेंद्रिय द्रव्यच होते.

पाणीपुरवठा : रॉटरडॅमच्या जलशुद्धीकरणात काम करणारे योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले की, पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्म व तत्सम ट्रायहॅलोमिथेने तयार होतात. त्यांपैकी काहींचा कर्करोगाशी संबंध असल्यामुळे अनेक देशांनी त्यांच्यावर मर्यादा घातल्या. तरीही क्लोरीन बंद करणे हा उपाय नव्हे. कॉलरा आणि विषमज्वराचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. योग्य मार्ग म्हणजे क्लोरीन घालण्यापूर्वी सेंद्रिय द्रव्य काढणे. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धनभारित कण ऋणभारित रेणूंना ओढून त्यांचा साका करतात. गढूळपणा काढण्यापेक्षा या कामाला तुरटी जास्त लागते आणि सामू ६ च्या आसपास ठेवावा लागतो. लाकूड-पाचोळ्याचे गडद, मोठे रेणू अशा रीतीने चांगले निघतात. शैवालजन्य लहान, नायट्रोजनयुक्त रेणू मात्र तुरटीला दाद देत नाहीत आणि त्यांच्यासाठी सक्रियित कार्बन वापरावा लागतो. म्हणून सांडपाणी व खतांमुळे शेवाळलेल्या जलाशयाचे पाणी शुद्ध करणे जंगलातल्या तपकिरी पाण्यापेक्षा अवघड जाऊ शकते, आणि अशा ठिकाणी पाणलोट क्षेत्रातून येणारे नायट्रोजन व फॉस्फरस रोखणे हाच शुद्धीकरणाचा पहिला टप्पा ठरतो.