कॅस्पियन वाघाच्या पुनरागमनाआधी नदीचे पाणी

उंच दाट गवत, जवळ पाणी आणि पोटापुरते भक्ष्य मिळाले की मोठे मार्जार घनदाट जंगलाबाहेरही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे पुणे जिल्ह्यात वेगळे सांगावे लागत नाही. कालव्यांमुळे ऊस वाढला आणि जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यांची पिल्ले उसाच्या सरींमध्ये जन्मू लागली. मध्य आशियातला कॅस्पियन वाघ अशाच आसऱ्याने जगत होता. अमुदर्या, सिरदर्या, इली या नद्या वाळवंटातून वाहतात आणि त्यांच्या काठांवर बोरूची बने व झाडोरा यांचा चिंचोळा हिरवा पट्टा असतो. त्याला तिथे ‘तुगाई’ म्हणतात. रानडुकरे आणि बुखारा हरणे या पट्ट्यात राहत आणि वाघ त्यांच्या मागावर असे.

हा वाघ आकाराने मोठा होता. त्याचे पट्टे अरुंद, जवळजवळ आणि काहीसे तपकिरी असत. हिवाळ्यात पोटावरचे केस लांब वाढत आणि मानेवर आखूड आयाळ दिसे. तुर्कस्तानपासून इराणमार्गे कझाकस्तानातील बल्खाश सरोवरापर्यंत त्याचा वावर होता. रशियन साम्राज्याने मध्य आशिया ताब्यात घेतल्यावर वाघ मारणाऱ्यांना बक्षिसे दिली जाऊ लागली आणि सैनिकांनाही या कामावर लावण्यात आले. मात्र माझ्या मते बंदुकीपेक्षा कापसाने या वाघाचा घात अधिक केला. कापसासाठी तुगाई तोडली गेली, नद्यांचे पाणी कालव्यांत वळले, रानडुकरे घटली आणि उरलेसुरले वाघ एकमेकांपासून तुटले. ताजिकिस्तानात १९३८ साली स्थापन झालेल्या ‘तिग्रोवाया बाल्का’ या अभयारण्याचे नावच वाघावरून पडले आहे, पण १९५०च्या दशकानंतर तिथे वाघ उरला नाही. तुर्कस्तानात उलुदेरेजवळ १९७० साली एक वाघ मारला गेला. त्यानंतर खात्रीलायक पुरावा नाही.

नामशेष प्राणी परत आणायचा म्हटले की प्रथम क्लोनिंग आठवते. क्लोनिंगसाठी सहसा अखंड केंद्रक असलेली, जिवंत गोठवून ठेवलेली पेशी लागते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांमध्ये पेशी अशाच जपल्या जातात. अमेरिकेत १९८८ साली गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२०मध्ये काळ्या पायांच्या फेरेटचे, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका लहान शिकारी प्राण्याचे पिल्लू जन्माला आले. स्पेनमध्ये नामशेष झालेल्या बुकार्डो या रानबकरीचे क्लोन केलेले पिल्लू मात्र २००३ साली फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच दगावले. कॅस्पियन वाघाच्या बाबतीत संग्रहालयांतली जुनी कातडी आणि हाडेच हाती आहेत, आणि त्यांतील डीएनएचे तुकडे झालेले आहेत.

याच तुकड्यांनी दुसरी वाट दाखवली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संग्रहालयांतील नमुन्यांमधील तंतुकणिकांचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा) डीएनए वाचण्यात आला आणि अभ्यासलेल्या भागात कॅस्पियन वाघ व सैबेरियातील अमूर वाघ यांच्यात अवघ्या एका अक्षराचा फरक आढळला. संशोधकांच्या अनुमानानुसार या वाघांचे पूर्वज गेल्या दहा हजार वर्षांच्या आत चीनमधून, पुढे रेशीम मार्ग म्हणून ओळखल्या गेलेल्या पट्ट्याने मध्य आशियात आले आणि तिथून सैबेरियाकडे पसरले. अर्थात तंतुकणिकांचा डीएनए म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचा अगदी छोटा, केवळ आईकडून येणारा भाग आहे. त्यामुळे दोन्ही वाघ सर्वस्वी एकच होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही बोरूच्या बनात पुन्हा सोडण्यासाठी अमूर वाघाइतका जवळचा नातेवाईक दुसरा नाही. म्हणून त्यालाच तिथे आणायचे ठरले, आणि मला हा निर्णय योग्य वाटतो.

कझाकस्तानने २०१८ साली इली-बल्खाश राखीव क्षेत्र स्थापन केले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,१५० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक आहे. तिथे आधी वाघ न सोडता बुखारा हरणे आणि कुलान नावाची रानगाढवे आणण्यात आली, आणि या क्रमाचे मला विशेष मोल वाटते. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात. कळपाला धक्का न लावता एवढे भक्ष्य मिळायचे तर एका वाघामागे अशी सुमारे पाचशे जनावरे हवीत. २०२४ साली नेदरलँड्समधून बोधना आणि कुमा ही अमूर वाघांची जोडी तिथे आली. दोघेही बंदिवासात वाढलेले असल्याने त्यांना मोकळे सोडायचे नव्हते. त्यांना बछडे झाले, तर ते माणसांपासून दूर वाढवून रानात सोडण्याचा विचार होता.

खरी चिंता बल्खाश सरोवराला मिळणाऱ्या इली नदीची आहे. तिचे बहुतांश पाणी चीनमधून येते आणि वाटेत कापचागाय धरण आहे. १९७०पासून ते भरले जाऊ लागले, तेव्हा बल्खाशची पातळी घटली आणि त्रिभुज प्रदेशातील बोरूची बने आकसली. वरच्या भागात शेतीसाठी आणखी पाणी उचलले गेले, तर आधी बोरू वाळेल, मग रानडुक्कर जाईल आणि भुकेला वाघ गुरांकडे वळेल. गोठ्यातली कालवड गेल्यावर गावाची सहनशीलता किती उरते, याचा अनुभव जुन्नरकरांना आहे. म्हणून राखीव क्षेत्राभोवतीच्या पशुपालकांना वेळेवर नुकसानभरपाई मिळणे हा वाघ सोडण्याआधीच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे. पाणी आणि भक्ष्य टिकले, तर सुमारे पन्नास वर्षांत या भागात ६४ ते ९८ वाघ राहू शकतील, असा २०१७ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.